हुंकारा आला नाही तर

यवतमाळ जिल्ह्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, असं निघताना मिरजेत चार जणांनी विचारलं आणि परत आल्यावर त्याच चार जणांनी पुन्हा विचारलं. एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

खरं तर मी काही पाहायला गेलेच नव्हते. दिलेला शब्द पाळून एकदाची मोकळी व्हायला गेले होते. वीस-बावीस वर्षं मी अध्यात्मावर प्रवचनं करते. मिरज, सांगली, कधी कोल्हापूर. महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे, देवळांचे सभामंडप. पाठांतर चांगलं, आवाज खणखणीत, आणि एक संस्कृत वचन फेकलं की समोरच्या माना डोलायला लागतात हे अनुभवानं पक्कं ठाऊक. असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या उन्हाळ्यात एका भरल्या सभागृहात, वाक्याच्या अर्ध्यावर, माझे शब्द गेले. गेले म्हणजे गेलेच. समोर माणसं, हातात टिपणं, टिपणांवर माझंच अक्षर, आणि डोक्यात पांढरंफटक. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी काहीतरी पुटपुटले, नमस्कार केला आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं तितकं कुणी शिव्या घातल्या असत्या तरी झालं नसतं. ‘दगदग फार होते हो तुम्हाला,’ असं म्हणत एका बाईंनी लिंबूसरबत हातात दिलं. आणि त्या दिवसाचा विषय काय होता, तर मनाचं दुबळेपण कसं जिंकावं!

त्यानंतर आलेली सगळी आमंत्रणं मी काहीबाही सांगून टाळली. एकच टाळता आलं नाही, कारण ते वृंदाचं होतं. वृंदा ही माझी धाकटी नणंद. लग्न होऊन दारव्ह्याला गेली, तिथल्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. तिच्या ओळखीच्या एका बंजारा तांड्यावर देवळाचा तीन दिवसांचा उत्सव असतो. ‘या वर्षी दुसऱ्या दिवशी आमची वहिनी बोलेल,’ असं तिनं माझी फजिती व्हायच्या आधीच तिथं सांगून टाकलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, “एवढं एक करते आणि बंद. पुन्हा माइकसमोर उभी राहणार नाही.” तो “बरं” म्हणाला. त्याच्या ‘बरं’चा अर्थ ‘बघू’ असा असतो, हे मला इतक्या वर्षांच्या संसारानं शिकवलं आहे.

दारव्हा

बडनेऱ्याला आगगाडी सोडली आणि नेरवरून जाणारी एसटी धरली. आमच्याकडं खिडकीबाहेर पाहिलं की ऊस, नाहीतर द्राक्षाचे मांडव. इथं काळी जमीन, तिच्यावर फुटलेली कपाशी, मध्येच तुरीचे उंच तास. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना जागोजागी कापसाचे पुंजके अडकलेले होते. मला वाटलं बगळ्यांची पिसं. शेजारच्या बाई हसल्या. “कापसाची गाडी जाते न भरून, थे काटे ओरबाडून घेते,” त्या म्हणाल्या. बाभूळसुद्धा आपला वाटा सोडत नाही म्हणायची.

वृंदा स्टँडवर घ्यायला आली होती. मला पाहताच ओरडली, “अवो वहिनी, काहून इतकी वाळली तू?”

मिरजेत वाढलेली ही मुलगी, एकेकाळी माझी ‘ळ’ आणि ‘ल’वरून चेष्टा करायची. आता ‘काहून’ आणि ‘कायले’शिवाय तिचं वाक्य पुढं सरकत नाही. मी तसं म्हटल्यावर म्हणाली, “इथं राहून राह्यली न मी. मिरजेचं मराठी इथल्या भाजीवाल्याले ऐकवलं तर थो भाव वाढवते.”

तिचे यजमान सुधाकरराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी काही त्यांना सोडत नाही. जेवायला बसतानासुद्धा “विषय: दुपारचे भोजन” असं काहीतरी म्हणतील अशी मला भीती वाटते. घर मात्र मोठं अगत्याचं. पहिल्याच दुपारी पातोडीचा रस्सा झाला. बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक रस्सा. तिखट खाण्याचा आम्हा दक्षिणेकडच्यांना भारी अभिमान, पण इथलं तिखट आधी गोड बोलतं आणि मग मागून येऊन कानशिलात देतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे सुधाकरराव गंभीरपणे म्हणाले, “ताई, गोळाभात घ्या. त्यानं उतरते.” गोळाभात म्हणजे भातातच वाफवलेले बेसनाचे गोळे. ते कुस्करायचे आणि वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची. आमच्याकडं भातावर एवढं तेल ओतलं तर सासू माहेरी पाठवेल! खाल्ल्यावर मात्र मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वृंदाबरोबर फिरले, लाल सुक्या मिरच्यांच्या ढिगांपाशी शिंकले, वांगी घेताना हुज्जत घातली. “कायले एवढा भाव करता ताई, प्रवचनवाल्या न तुम्ही?” असं वांगीवाली म्हणाली तेव्हा मी चपापलेच. वृंदानं गावभर सांगून ठेवलं होतं. दुपारी मी मागच्या पडवीत टिपणं घेऊन बसले आणि भिंतीकडं तोंड करून सगळं प्रवचन म्हणून पाहिलं. भिंतीसमोर शब्द व्यवस्थित येत होते. भिंतींसमोर मी नेहमीच उत्तम बोलते.

“तू थे साप न दोरीचं सांग वहिनी,” वृंदा भाजी निवडता निवडता म्हणाली. “लय मस्त जमते तुले.”

ते मी सांगणारच होते. अंधारात पडलेल्या दोरीला माणूस साप समजतो, घाबरतो, आणि दिवा आणल्यावर कळतं की साप नव्हताच. वेदान्तातला जुना, हमखास दृष्टान्त. माझ्या पोतडीतलं हे हुकमी पान. तिथं पोचले की पुढचं सगळं आपोआप येतं, असा माझा भरवसा होता.

तांड्याच्या वाटेवर

दिग्रसच्या बाजूला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये आम्ही दोघी आणि आणखी पुष्कळ जण होतो. पुष्कळ म्हणजे किती हे ड्रायव्हरलाही माहीत नसावं. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कांद्याची पिशवी होती आणि पायाशी एक कोंबडी. फाट्यावरून कच्च्या रस्त्याला लागलो आणि कालव्याच्या पाण्यानं झालेल्या चिखलात जीप रुतली. सगळे उतरले, मीही उतरले, आणि काळ्या मातीनं माझी नवी चप्पल जी धरली ती सोडेना. मी ओढतेय, माती ओढतेय. शेवटी चप्पल आली, तिचा अंगठा मात्र मातीनं ठेवून घेतला. जीप ढकलणाऱ्यांतला एक जण म्हणाला, “आमची जमीन पाव्हण्याले लवकर सोडत नाही, ताई.” उरलेली वाट मी अनवाणीच चालले.

तांडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय काय होतं! एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणारे हे लोक. प्रत्यक्षात समोर सिमेंटची घरं, छपरांवर डिशच्या थाळ्या, दारात मोटरसायकली आणि ओट्यांवर कापसाचे ढीग. पोरीबाळी साड्यांत आणि ड्रेसांत. फक्त म्हाताऱ्या बायांच्या अंगावर आरशांचे घागरे आणि कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

नाईकांच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांच्या, अंगणात शिरतो तोच दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडताना दिसल्या. एक सुरात काहीतरी म्हणत होती, दुसरी त्यात सूर मिसळत होती. मी जागच्या जागी थबकले. भलत्याच वेळी आलो की काय! मी डोक्यावरून पदर घेतला, पुढं झाले आणि त्यांतल्या थोरल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फार वाईट झालं. धीर धरा.”

दोघी रडायच्या थांबल्या आणि माझ्याकडं पाहतच राहिल्या. मग थोरलीला जे हसू फुटलं ते आवरेना. “बाई, लेक माहेरी आली महावाली! धीर कायले धरू?” ती म्हणाली. त्यांच्यात फार दिवसांनी भेटलं की गळ्यात पडून असं सुरात रडायचं, हीच रीत. या थोरल्या बाई म्हणजे नाईकांच्या पत्नी कमळाबाई. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तांडाभर झाली, आणि जी ती मला पाहून “धीर धरा बाई” म्हणायला लागली. आमच्याकडं लेक माहेरी आली की आपण विचारतो, किती दिवस राहणार? मला तर त्यांचं रडणंच बरं वाटलं.

दिवेलागणीला ओट्यावर बसलो होतो. नाईक, कमळाबाई, वृंदा आणि मी. तेवढ्यात लाल पागोटं घातलेले एक म्हातारे काठी टेकत आले आणि माझ्यासमोर येऊन बसले. हे थावरूबाबा.

“बाई, उद्या हुंकारा मी देणार,” ते म्हणाले.

“कसला हुंकारा?”

“तुम्ही एक बोल बोलजा. समजला तर मी ‘हूं’ म्हणीन. मग पुढं जाजा.”

“आणि नाही समजला तर?”

“तर नाही म्हणीन. तुम्ही थांबजा.”

ज्या शांततेला भिऊन मी सगळं सोडायला निघाले होते, ती इथं रीतसर माणूस नेमून बसवलेली होती. मी म्हटलं, “बाबा, आमच्याकडं प्रवचनात मध्ये कुणी बोलत नाही.”

“मी बी बोलत नाही न. बोलतच नाही, म्हणून तर थांबाचं.”

नाईक हसून म्हणाले, “मागच्या वर्षी एक महाराज आलते. त्यायनं बाबाले गप्प बसवलं.”

“हाव. मंग थे एकटेच गेले पुढं,” थावरूबाबा म्हणाले. “आमी सारे इथंच राह्यलो.”

मग त्यांनी कारण सांगितलं. बैलांवर माल लादून तांडे चालत, तेव्हाची ही रीत. अंधारात, डोंगरात पुढचा माणूस हाक देई आणि अगदी शेवटचा हुंकारा देई. हुंकारा आला नाही की पुढचा आपला बैल थांबवी. कोणी पडलं असेल, बैल बसला असेल, बाई लेकरू घेऊन मागं राहिली असेल. तिला घेतल्याशिवाय तांडा हलत नसे. “खोटा हुंकारा देणाऱ्याले दंड होता,” ते म्हणाले. “त्याच्या ‘हूं’वर सारे पुढं जात आणि एखादं माणूस राह्यून जाय. मंग गोष्ट सांगतानीबी तेच धरलं आमच्या लोकायनं.”

“तुम्ही पाहिलंय ते?” मी विचारलं.

“म्या कुठून पाह्यलं? मह्या आज्यानं पाह्यलं. नाहीतर त्याच्या आज्यानं.” आणि सुपारी कातरायला लागले. 

ते गेल्यावर मी वृंदाला बाजूला घेतलं. “मला सकाळच्या जीपनं परत ने.”

“तुले भेव वाटून राह्यलं का, वहिनी?”

गेले कित्येक महिने मी ‘घसा बरा नाही’, ‘वेळ नाही’, ‘नव्या लोकांना संधी मिळायला हवी’ असं सगळ्यांना सांगत होते. वृंदाला मात्र मी “हो” म्हटलं. ती माझा हात धरून बसून राहिली.

देवळासमोर

प्रवचन दुपार कलल्यावर होतं. देवळासमोर कडुलिंबाखाली ताडपत्र्या अंथरल्या होत्या. कापूस वेचून बायका थेट शेतातून आल्या होत्या, काहींच्या केसांत अजून कापसाचे तंतू होते. माइकवाल्यानं हौसेनं आवाज घुमवणारं यंत्र लावलं होतं, त्यामुळं मी “नमस्कार” म्हटलं की तीनदा ऐकू येई. ते बंद करून घेतलं. थावरूबाबा माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, पण तोंड माझ्याकडं नव्हतं. ते लोकांकडं बघत होते, आणि त्यातही अगदी मागच्या रांगेकडं, जिथं लेकरं मांडीवर घेऊन सुना बसल्या होत्या. तेव्हा मला कळलं, हुंकारा ते स्वतःचा देणार नव्हते.

मी टिपणं मांडली आणि सुरुवात केली. “आत्मस्वरूपाच्या विस्मरणामुळे जीव भयग्रस्त होतो.”

शांतता.

मी पुन्हा म्हटलं, “आपण मुळात कोण आहोत ते आपण विसरतो. म्हणून आपल्याला भीती वाटते.”

“हूं,” थावरूबाबा म्हणाले.

काय सांगू, त्या एका ‘हूं’नं मला जे वाटलं ते सभागृहभर डोललेल्या मानांनी कधी वाटलं नव्हतं! मी पुढं गेले. एक वाक्य, एक हुंकारा. कुठं अडलं तर मी वाक्य मोडायची, जड शब्द काढून टाकायची, पुन्हा सांगायची. ‘उपाधी’ गेली, ‘अध्यास’ गेला. थोडा वेळ मला चक्क मजा वाटायला लागली. आणि मग मी माझं हुकमी पान काढलं.

“तिन्हीसांजेला तुम्ही वाटेनं येताय. समोर साप दिसतो. तुम्ही घाबरता. मग कुणी दिवा आणतं. पाहता तर काय, दोरी! साप नव्हताच. आपली भीतीही तशीच असते. खोटी.”

हुंकारा आला नाही.

मी पुन्हा सांगितलं, सोपं करून. नाहीच आला. उलट मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली, आणि पुढं बसलेल्या एका म्हातारीनं, तिचं नाव सक्रीबाई, हात वर केला.

“बाई, तुमच्याकडं दोरी निंघाली. महा सासरा कपाशीत दोरी समजूनच उचलाले गेलता. साप होता थो.”

“अरे बाप रे! मग?”

“मंग काय. वाचला. बोट गेलं.”

झालं! जो तो आपापला साप घेऊन उभा राहिला. एकाचा विहिरीच्या मोटरच्या पेटीत निघाला होता, एकीचा कापसाच्या ढिगात, नाईकांचा तर बुटात. “आमच्याकडं दोरी दिसली तरी साप समजूनच राह्यतो बाई,” कुणीतरी ओरडलं, “म्हणून तर जित्ते हावो!” सगळे हसले. नाईक “गप बसा रे” म्हणत होते, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. बावीस वर्षं माझ्या कामी आलेला दृष्टान्त त्या कडुलिंबाखाली पाच मिनिटांत निकालात निघाला.

हसणं शमलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि माझे शब्द गेले.

तेच, तसंच. टिपणं समोर होती, पण अक्षरं मुंग्यांसारखी नुसती दिसत होती, वाचता येत नव्हती. माइक गुणगुणत होता. वृंदाचा चेहरा उतरलेला दिसला. तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. मिरजेत मी याच क्षणी नमस्कार करून खाली बसले होते. माझे हात जुळायला लागले होते, गुडघे वाकायला लागले होते.

थावरूबाबांनी हात वर केला. माझ्याकडं नाही, लोकांकडं.

“थांबा रे,” ते म्हणाले. “बाई मागं राह्यल्या.”

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ‘अरेरे’ म्हटलं नाही. वाटेत एखाद्याच्या चपलेचा अंगठा तुटला की बाकीचे जसे थांबतात, तसे ते थांबले. एका सुनेनं लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. सक्रीबाईंनी पानाची डबी काढली. “घाई नाही बाई,” नाईक म्हणाले आणि पागोटं सारखं करत बसले. सगळ्या तांड्यानं आपले बैल थांबवले होते, मी यावी म्हणून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लाज वाटली नाही. फार बरं वाटलं.

त्या थांबलेल्या वेळात मला घाई करायचं कारणच उरलं नाही, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती नीट पाहिली. घशात कोरड होती. छाती धडधडत होती. गुडघे तर स्पष्ट कापत होते. हे सगळं मला दिसत होतं. आणि दिसत होतं म्हणजे, पाहणारं कुणीतरी तिथं होतं. इतकी वर्षं मी ‘द्रष्टा’ आणि ‘दृश्य’ असे शब्द सुपारीसारखे चघळत होते, आणि ते असं, इतकं जवळ, इतकं साधं असेल हे मला ठाऊकच नव्हतं.

“आल्या का बाई?” थावरूबाबांनी विचारलं.

“हूं,” मी म्हणाले.

आता मात्र सगळे हसले, मीही हसले. टिपणं मिटून वृंदाकडं दिली.

“साप की दोरी, ते मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“हूं!” थावरूबाबा एवढ्या जोरात म्हणाले की पुन्हा हशा पिकला.

“सक्रीबाई, कपाशीत काही सळसळलं तर तुम्ही काय करता?”

“उभी राह्यतो. पाह्यतो.”

“पळत नाही?”

“पळालं तर पाय कुठं पडते काय मालूम.”

“डोळे मिटून घेत नाही?”

“पागल हावो का बाई?”

“मी तेच करत होते,” मी म्हणाले. “मला चार लोकांसमोर बोलायची भीती वाटायला लागली होती. मी डोळे मिटले आणि पळाले. इथं शेवटचं बोलायचं आणि घरी बसायचं, असं ठरवून आले होते.”

“हूं.” या वेळी हळू.

“आत्ताही भीती आली. तुम्ही थांबलात, म्हणून मी उभी राहिले आणि तिच्याकडं पाहिलं. पाय कापत होते. पण पाहणारी मी कापत नव्हते.”

हुंकारा आला नाही. थावरूबाबा मागच्या रांगेकडं बघत होते. मीही तिकडं पाहिलं. तिथं एक सून, लेकरू छातीशी धरून, कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघत होती. ती मागं राहिली होती. मला मुळीच घाबरायला झालं नाही. मी तिच्याशीच बोलले.

“बाळ, पाय कापताना तुला कळतं ना, की कापताहेत?”

तिनं मान हलवली.

“रडू येतं तेव्हाही कळतं. राग येतो तेव्हाही कळतं. भीती येते आणि जाते, राग येतो आणि जातो. ज्याला हे कळतं, ते येत नाही आणि जात नाही. ते इथंच असतं. तुझ्यातही, माझ्यातही. त्यालाच आत्मा म्हणतात. बाकी मोठे शब्द त्याचेच आहेत.”

मग तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि थावरूबाबांच्या आधी, पदर तोंडाशी धरून, तीच म्हणाली, “हूं.”

थावरूबाबांनी तिच्याकडं जरा रागानंच पाहिलं. त्यांचा मान गेला होता. मग त्यांनीही भरघोस हुंकारा दिला आणि त्यांच्यामागून सगळ्या ताडपत्रीनं.

त्यानंतर मी किती वेळ बोलले ते आठवत नाही. देवळात भोग चढवला गेला, विस्तवावर तूप आणि लापसी पडली, त्याचा खमंग वास सगळीकडं पसरला, आणि पंगत बसली. गव्हाच्या भरड्याची गुळातली लापसी कमळाबाईंनी माझ्या पत्रावळीवर दोनदा वाढली, वर तुपाची धार सोडली. थावरूबाबा माझ्या शेजारीच जेवायला बसले होते. आजचं प्रवचन आपल्यामुळंच कसं तडीला गेलं, हे ते पलीकडच्याला सांगत होते, आणि ते खोटं होतं असं मला म्हणता येणार नाही.

सांगून झाल्यावर ते माझ्याकडं वळले. “बाई, आज तर भेवाचंच झालं. रागाचं नुसतं नाव घेतलं तुम्ही. थे उद्या सांगजा.”

“बाबा, वहिनीची उद्याची गाडी आहे,” वृंदा घाईनं म्हणाली. “रिझर्व्हेशन करून ठेवलं आहे तिचं.”

थावरूबाबांनी हुंकारा दिला नाही.

मी बोटांवरचं तूप चाटलं आणि म्हटलं, “वृंदा, गाडी परवाही असते ना?”